निळ्या बेडकाची हिरवी पिल्लं

रंगांच्या दुकानात सगळ्यात मागे, जिथे गिऱ्हाइकांनी येऊ नये अशी पाटी आहे आणि सगळी गिऱ्हाइकं हमखास येतात, तिथे शेडमास्तरांचा ओटा. मास्तर म्हणजे काही शाळेतले नव्हेत. शाळेतल्या मास्तरांशी त्यांचं लहानपणीच फाटलं होतं. पण भिंतीचा टवका दाखवा आणि हुबेहूब तोच रंग डब्यात घेऊन जा, हे काम त्यांनी उभ्या हयातीत इतकं केलं की लोकांनी आपणहून त्यांना ही पदवी देऊन टाकली, आणि त्यांनीही ती आढेवेढे न घेता ठेवून घेतली.

कोणीतरी धापा टाकत यायचं. तीन भिंती झाल्या, चौथीला डबा संपला, नवा आणला तर रंग जुळेना. मास्तर टवका हातात घ्यायचे, दुकानाच्या दारापर्यंत जाऊन उजेडात धरायचे, मान वाकडी करायचे आणि परत येऊन काठीने थेंब थेंब टाकत ढवळायचे. मग कागदावर बोटभर पट्टा ओढून तो केस वाळवायच्या यंत्राने वाळवायचा, कारण ओला रंग खोटं बोलतो. पट्टा वाळला की टवका त्यावर ठेवायचा. टवका दिसेनासा झाला की जमलं. पुढे दुकानात रंग मिसळणारं यंत्र आलं तेव्हा मास्तर आठवडाभर तोंड पाडून बसले, मग त्याच्याशीही त्यांनी जमवून घेतलं. यंत्राच्या नळकांड्या तेच भरू लागले आणि यंत्रातून निघालेल्या रंगाला शेवटचा थेंबही तेच देऊ लागले. तो थेंब लागायचाच असं नाही, पण त्यांनी तो दिल्याशिवाय मालकालासुद्धा डब्याला झाकण लावायचा धीर होत नसे.

ओट्याखाली एक पिंप होतं. त्याला मास्तर गोंधळाचा डबा म्हणत. एखादा रंग बिघडला, थेंब जास्त पडला, की तो त्यात ओतायचा. सगळं मिळून त्यात जो काही मातकट रंग तयार व्हायचा, तो बागेतल्या बाकांना आणि कुंपणांना खपून जायचा. बिघडलेल्या रंगाशी झटापट करायची नाही, हा मास्तरांचा नियम होता. एकदा मिसळलं ते मिसळलं. निळ्यात पिवळा पडला की मग कोणाचा बाप आला तरी निळा परत निघत नाही, असं ते नव्या कारागिरांना दटावून सांगत.

अशा माणसाच्या पोटी जी एकुलती एक लेक आली, ती जांभळ्या सदऱ्यावर मोहरीच्या रंगाची ओढणी घेऊन खुशाल बाहेर पडायची. मास्तर डोळे मिटून घ्यायचे. पुढे लेक शिकली, कॉलेजात शिकवायला लागली आणि संशोधनाला विषय घेतला तो बेडकांच्या रंगांचा. एकाच जातीचे बेडूक कुठे हिरवे, कुठे तपकिरी, कुठे ठिपक्यांचे का होतात, आणि ते रंग बापाकडून पोराकडे कसे उतरतात, हा तिचा अभ्यास. आईने कपाळाला हात लावला. मास्तर मात्र दुकानात येईल त्याला सांगत सुटले, "आमची मुलगीपण रंगाच्याच धंद्यात आहे."

आणि मग तो निळा बेडूक मिळाला. एका रोपवाटिकेच्या मालकाला कुंड्यांमध्ये बसलेला दिसला. तसले झाडबेडूक हिरवेगार असतात, पानावर बसले तर पानच वाटतात. हा मात्र निळा. आकाशी नव्हे, मोरपंखी नव्हे. मास्तरांच्या शेडकार्डात त्याला नावच नव्हतं. लेक म्हणाली, असा बेडूक लाखात एखादा. तिच्या कॉलेजाच्या प्रयोगशाळेत तिने त्याची एका हिरव्या बेडकीशी जोडी लावली आणि अंडी पडली. नेमकी तेव्हाच प्रयोगशाळेची गळकी गच्ची दुरुस्त करायची टूम निघाली, आणि लेकीलाही हंगामभर डोंगरात बेडकांची पाहणी करायला जायचं होतं. शेवटी काचेच्या पेट्या आल्या आईवडिलांच्या घरी, मागच्या खोलीत.

"बाबा, या पिल्लांवर माझं सगळं काम उभं आहे," जाताना तिने बजावलं. मग पिल्लं कशी निघतील आणि का, हेही तिने सविस्तर सांगितलं. मास्तरांनी सगळ्याला मान डोलावली. खरं म्हणजे त्यांचं लक्ष पेटीतल्या त्या निळ्याकडे होतं. पांढऱ्यात किती थेंब टाकले तर हा रंग निघेल, याचा हिशेब त्यांच्या डोक्यात चालू होता.

त्यांनी त्या बेडकांची जी बडदास्त ठेवली ती लेकीच्या लहानपणी लेकीचीही ठेवली नव्हती, असं बायकोचं म्हणणं. रिकाम्या डब्याच्या बुडाला खिळ्याने भोकं पाडून त्यांनी तो पेटीवर टांगला आणि रोज सकाळी त्यातून पाऊस पाडू लागले. अंड्यांतून बेडूकमासे निघाले, बेडूकमाशांना पाय फुटले. आता पिल्लांना खायला बारीक चिलटं हवी होती. जिने जन्मभर स्वयंपाकघरात एक चिलट टिकू दिलं नव्हतं, तिलाच मुद्दाम केळ्यांच्या साली सडवत ठेवाव्या लागल्या.

"तुमच्या बेडकांपायी माझी अब्रू गेली," ती म्हणाली. "शेजारीण आली होती. काय म्हणाली असेल मनात?"

"तिला सांग, संशोधन चालू आहे."

"केळ्याच्या सालीचं?" असं म्हणून तिने बरणीवर फडकं बांधलं. पण मागच्या खोलीचा उंबरा काही ती ओलांडायची नाही. बेडूक या प्राण्याला ती जात्याच घाबरायची. चिलटांची बरणी ती दारातूनच नवऱ्याच्या हातात द्यायची.

आता मास्तरांना उत्सुकता होती ती पिल्लांच्या रंगाची. त्यांनी मनात ठरवूनच टाकलं होतं. बाप निळा, आई हिरवी, म्हणजे पोरं निळसर हिरवी. कोणी जरा जास्त निळं, कोणी कमी. ते शेडकार्डावर बोट ठेवून बायकोला दाखवायचेसुद्धा, "या चौकोनातली निघतील, बघ."

पिल्लं आधी राखाडी होती. मग एकेक रंगायला लागलं. हिरवं. दुसरं हिरवं. तिसरंही हिरवं. सगळीच्या सगळी निव्वळ पानासारखी हिरवी. मास्तरांनी एकेकाला ओंजळीत घेऊन खिडकीतल्या उजेडात धरलं, भिंग लावलं. निळ्याचा मागमूस नाही. पिंपभर हिरव्यात निळ्याचा एक थेंब पडावा आणि गडप व्हावा, तसं झालं होतं.

लेकीचा फोन आला. डोंगरातून आवाज तुटक यायचा.

"सगळी हिरवी?" तिने विचारलं.

"सगळी," मास्तर खालच्या आवाजात म्हणाले.

"एकही निळं नाही? नक्की?"

"नाही गं."

"वा, छान झालं बाबा!" ती म्हणाली आणि फोन तुटला.

मास्तरांनी फोन हळूच खाली ठेवला. आपली लेक किती गुणी, त्यांना वाटलं. एवढं काम बिघडलं तरी बापाला वाईट वाटू नये म्हणून छान म्हणते. आपणच कुठे तरी चुकलो असणार. पाऊस कमी पडला असेल, नाहीतर चिलटं निकस निघाली असतील. त्यात पिल्लांनी पेट्या ओसंडून चालल्या होत्या. एक दिवस एक पिल्लू उडी मारून निसटलं ते नेमकं बायकोच्या चपलेत जाऊन बसलं, आणि तिने जी किंकाळी फोडली ती ऐकून खालच्या मजल्यावरचे लोक वर आले. त्या दिवशी मास्तरांनी निर्णय घेतला. बिघडलेला माल किती दिवस सांभाळायचा? लेक परत येईल तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर ही हिरवी फजिती तरी नको. त्यांनी झाकणांना भोकं पाडलेल्या दोन बादल्या घेतल्या, सगळी पिल्लं त्यांत भरली, हिरवी आईसुद्धा, आणि बादल्या घेऊन सार्वजनिक बागेत गेले. तिथला माळी त्यांचा जुना दोस्त. गोंधळाच्या डब्यातला रंग बाकांना लावायला तोच न्यायचा. बागेतल्या कमळांच्या तळ्यात आधीपासून हिरवे झाडबेडूक होतेच. मास्तरांनी बादल्या तिरक्या केल्या. पिल्लं टुणटुण उड्या मारत पानांखाली दिसेनाशी झाली. घरी ठेवला तो फक्त निळा.

हंगाम संपला आणि लेक आली. पाठीवरची पिशवी दारात टाकून ती तडक मागच्या खोलीत गेली.

"बाबा, पिल्लं कुठायत?"

मास्तरांनी सगळं सांगितलं. सांगताना त्यांना थोडी शाबासकीचीही अपेक्षा होती. लेक ऐकता ऐकता जमिनीवर बसली आणि तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. रडते आहे की काय, म्हणून आई उंबऱ्याबाहेरून डोकावली. लेक रडत नव्हती, पण हसतही नव्हती.

"अहो बाबा, सगळी हिरवीच निघायला हवी होती," ती शेवटी म्हणाली. "म्हणून तर मी छान म्हटलं."

"माझी समजूत काढायला नाही?"

"तुमची समजूत कशाला काढू? मी नाचत होते तिकडे!" तिने खोल श्वास घेतला. "बसा इथे. परत सांगते. आणि या वेळी माझ्याकडे बघा, बेडकाकडे नको."

मास्तर मुकाट्याने बसले.

"बेडकाच्या कातडीत हिरवा रंग नसतोच मुळी. खालच्या थरावरून निळा उजेड परततो, आणि त्याच्यावर पिवळ्याचा पातळ थर असतो. दोन्ही मिळून आपल्याला हिरवं दिसतं. मग हा आपला म्हातारा निळा का?"

मास्तरांचा चेहरा एकदम बदलला. हे तर दुकानातलं बोलणं होतं. "पिवळा नाही त्याच्याकडे! आमच्या यंत्रात होतं की असं. पिवळ्याची नळकांडी रिकामी झाली आणि लक्ष नसलं, तर हिरवा मागितला तरी बदाबदा निळा पडतो."

"अगदी तेच. आता प्रत्येक पिल्लाला पिवळ्याच्या दोन नळकांड्या मिळतात असं समजा. एक आईकडून, एक बापाकडून. आम्ही त्यांना जनुकं म्हणतो. तुमच्या त्या पिल्लांना बापाची मिळाली रिकामी, आईची मिळाली भरलेली."

"एक भरलेली असली की काम भागतं," मास्तर म्हणाले.

"भागतं. म्हणून सगळी हिरवी. पण रिकामी कोणी फेकून देत नाही, बाबा. ती तशीच आत राहते. पुढे त्यांना पिल्लं झाली की दोन्हींतली कुठली तरी एक पुढे जाते. आणि ज्याच्या वाट्याला दोन्हीकडून रिकाम्याच आल्या..."

"तो निळा." मास्तर उठून उभे राहिले. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "म्हणजे मी जी ओतून दिली..."

"त्यांतल्या प्रत्येकात निळा होता," लेक म्हणाली.

आयुष्यभर मास्तर सांगत आले होते की एकदा मिसळलं ते मिसळलं, आणि इथे तर काही मिसळलंच नव्हतं. सगळं आत जसंच्या तसं बसून होतं. त्यांनी विचारलं, पुन्हा एखादी हिरवी बेडकी आणली तर? लेक म्हणाली, आणता येईल, पण मग पुन्हा सगळी हिरवीच होणार, ती वाढवा, त्यांची पिल्लं होऊ द्या. तोवर तिच्या कामाची मुदत संपलेली असणार. हा म्हातारा तेवढा टिकतो की नाही, हाही प्रश्नच. पण त्याची स्वतःची एखादी हिरवी लेक सापडली, तर पुढच्या एकाच हंगामात निम्मी पिल्लं निळी निघतील.

"अगंबाई, बापलेकीची जोडी?" दारातून आईने विचारलं.

"आई, बेडकांत नाती नसतात."

"नसू देत. मी नाही बघणार," असं म्हणून आई चहा ठेवायला गेली.

दुसऱ्या दिवशी बापलेक बादल्या आणि जाळं घेऊन बागेत हजर झाले. माळी गुडघाभर पाण्यात उतरून धरून द्यायला तयार झाला. पण धरायचे कोणते? तळ्यात त्याच हंगामात जन्मलेलेही तेवढेच आणि हिरवे, घरी वाढलेलेही हिरवे. मास्तरांनी बाह्या सरसावल्या.

"ते माझ्यावर सोड. हिरव्यात मी फसत नाही."

मग तो कार्यक्रम दुपारपर्यंत चालला. माळी बेडूक धरून द्यायचा, मास्तर उजेडात धरून मान वाकडी करायचे. "हा आपला. हा आपला नव्हे. हिच्यात जरा निळसर झाक आहे, हीपण आपली." लेक काही बोलत नव्हती. एक बेडकी मास्तरांनी दोनदा परत सोडली. "हिचा हिरवा मातकट आहे. आपल्या घरचा नाही." ती तिसऱ्यांदा आपणहूनच बादलीत उडी मारून आली.

"येऊ द्या की मास्तर," माळी म्हणाला. "तिलाच हौस दिसतेय."

"असू दे बाबा," लेक म्हणाली. मास्तरांनी नाइलाजाने झाकण लावलं.

घरी आल्यावर तासाभराने त्यांनी बादली उघडली, तर निळसर झाक असलेले मातकट झाले होते आणि मातकट होती ती पोपटी चमकत होती. लेक आता मात्र पोट धरून हसली. थंडी-उन्हाप्रमाणे हे बेडूक दिवसातून चार वेळा छटा पालटतात, हे तिला ठाऊक होतं. "मग बागेत का नाही बोललीस?" मास्तरांनी विचारलं.

"तुमच्या तोंडावर इतका आनंद होता," ती म्हणाली, "आणि तसेही कुठले तरी धरायचेच होते."

डोळ्यांनी ओळखता येणार नव्हतं, हे आता मास्तरांनाही पटलं. ओळखायचा मार्ग एकच होता. बेडक्या मोठ्या होऊ द्यायच्या आणि एकेकीची त्या म्हाताऱ्याशी जोडी लावायची. प्रयोगशाळेची गच्ची दुरुस्त झाली होती, पण मास्तरांनी हट्टच धरला की बेडूक इथेच राहतील. "बिघडवलं मी, तर निस्तरणारही मीच." लेकीने ते मानलं. त्या वर्षात ते दुकानातून घरी आले की आधी मागच्या खोलीत जात, मग हातपाय धूत. निळ्याला ते स्वतः चिमट्याने किडा भरवत. तो आता हळू झाला होता, उडी मारायच्या आधी बराच वेळ विचार केल्यासारखा बसायचा. तो टिकला पाहिजे, एवढंच मास्तरांच्या मनात घोळत राही.

हंगाम आला. भोकाच्या डब्यातून पाऊस पडला, निळ्याने खरखरीत गळ्याने साद घातली. पहिली बेडकी, अंडी, बेडूकमासे, पिल्लं. सगळी हिरवी. म्हणजे ही तळ्यातली. दुसरी, पुन्हा सगळी हिरवी. दोघीही मास्तरांनी छातीठोकपणे आपल्या म्हणून निवडलेल्या होत्या. तिसरीने अंडीच घातली नाहीत. एक सोडली तर बाकीचे सगळे नर निघाले. दुकानात एका गिऱ्हाइकाने हिरव्याचा टवका आणून दिला तेव्हा मास्तरांनी तो कितीतरी वेळ हातात धरून ठेवला आणि शेवटी म्हणाले, "यंत्रावर काढून घ्या."

एका रविवारी लेक पेटी पुसत असताना त्यांनी मनातलं बोलून टाकलं. "पोरी, तुझं काम मी घालवलं. तुला माझा राग येत नाही?"

"आला होता," ती म्हणाली. "डोंगरातून आले त्या दिवशी. रात्रभर होता. मग सकाळी तुम्ही त्या म्हाताऱ्याला म्हणत होता, 'खा रे राजा, माझ्यासाठी नको, तिच्यासाठी खा.' मग कसला राग?"

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. पुसायचं कारण नव्हतं, चष्मा स्वच्छ होता.

आता शिल्लक राहिली ती फक्त ती मातकट, आपणहून आलेली. मास्तरांनी ती निळ्याच्या पेटीत फार आशेने सोडली असं नाही. दुसरी कोणी नव्हती म्हणून सोडली. निळ्याने दोन-तीन दिवस तोंडच उघडलं नाही. मग एका सकाळी, डब्यातला पाऊस थांबता थांबता, त्याने एकदाच काय ती साद घातली, मास्तरांना दाढी करता करता जेमतेम ऐकू आली इतकी बारीक. दुसऱ्या दिवशी पाण्यात अंड्यांचा पुंजका होता.

बेडूकमाशांना पाय फुटायच्या आधीच निळा गेला. पेटीच्या कोपऱ्यात, ओल्या शेवाळावर, नेहमीसारखाच बसलेला सापडला. लेकीने तो कॉलेजात जपून ठेवायला नेला. मास्तर त्या दिवशी दुकानात उशिरा गेले. बायकोने डबा भरता भरता त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. आता निळं जे काही होतं ते त्या काळपट बेडूकमाशांत होतं, नाहीतर कुठेच नव्हतं.

पाय फुटले. शेपट्या आखडल्या. राखाडी पिल्लं काचेवर चढून बसू लागली. मास्तर रोज सकाळी खुर्ची घेऊन समोर बसत. एक पिल्लू हिरवं झालं. मग आणखी एक. मास्तरांचा जीव टांगणीला लागला. मग एके दिवशी खिडकीतून ऊन थेट काचेवर आलेलं असताना त्यांना एका पिल्लाच्या पाठीवर काहीतरी दिसलं. त्यांनी डोळे चोळले. हिरव्याने त्यांना एकदा तोंडघशी पाडलं होतं. आता त्यांचा स्वतःच्या नजरेवर भरवसाच उरला नव्हता.

"अगं, ऐकलंस का? जरा इकडे ये."

"काय झालं?" बायको उंबऱ्यापाशी थांबली.

"आत ये. मला एक सांग, हा रंग कुठला?"

तिने त्यांच्या आवाजाकडे नीट लक्ष दिलं, पदर खोचला आणि उंबरा ओलांडून आत आली. काचेला नाक लागेल इतकी वाकली.

"अहो, निळं आहे! चांगलं निळं आहे," ती म्हणाली. "आणि हे बघा, हेपण. तिकडे पानामागे आणखी एक. अहो, रडताय काय?"

मास्तरांनी लेकीला फोन लावला, पण शब्द फुटेना. बायकोने फोन हातातून काढून घेतला. "तुझ्या बाबांना बोलता येत नाहीये. निळी निघालीत. तास सोड आणि ये." मग तिला आठवलं की आपण बेडकांच्या पेटीजवळ उभ्या आहोत, आणि ती तरातरा बाहेर गेली.

लेक आली ती जांभळ्यावर मोहरी, तशीच. मास्तरांना त्या दिवशी त्या जोडीतही खटकण्यासारखं काही दिसलं नाही. निम्मी पिल्लं निळी होती, निम्मी हिरवी, तिने सांगितलं होतं अगदी तसं. ती मागच्या खोलीत जमिनीवर बसून राहिली, नुसतीच बघत, आणि मास्तर तिच्याकडे बघत बसले. एवढं समाधान त्यांना एखादा अवघड रंग जुळल्यावरही कधी झालं नव्हतं.

"ही हिरवी?" त्यांनी जरा वेळाने विचारलं. "यांचं काय?"

"यांच्यातही निळा आहे. सगळ्यांच्यात. बापाने त्यांनाही रिकामीच दिली ना."

"आणि तळ्यातली? मी ओतलेली?"

"जी जगली असतील त्यांच्यातही. ती तिथल्या हिरव्यांशी जोड्या जमवणार, त्यांची पिल्लं हिरवीच होणार, पण काहींच्यात ती रिकामी उतरणार. मग पुढे कधी तरी, ती रिकामी आत असलेली दोघं योगायोगाने भेटली, तर एखादं निळं निघेल. पाच वर्षांनी निघेल, नाहीतर पन्नास वर्षांनी. नाहीतर कधीच नाही. सांगता येत नाही."

संध्याकाळी मास्तर चपला घालून एकटेच बागेत गेले. माळी तळ्याच्या कडेला नळी गुंडाळत बसला होता. मास्तरांनी त्याला निळ्या पिल्लांची बातमी दिली, ती मातकट बेडकीच खरी निघाली हेही प्रामाणिकपणे सांगून टाकलं, आणि माळ्याने त्यांना जेवढं चिडवायचं तेवढं चिडवून घेतलं. मग मास्तर म्हणाले,

"एक काम आहे तुझ्याकडे. या तळ्यात कधी तरी एखादा निळा बेडूक दिसेल."

"कधी?"

"ते मला तरी कुठे ठाऊक? कदाचित मी नसेन. तूही नसशील."

"मग माझ्याकडे काय काम?"

"तुझ्यानंतर जो कोणी माळी येईल त्याला सांगून ठेव. आणि त्याला म्हणावं, त्याच्यानंतरच्याला सांग," मास्तर म्हणाले. "निळा दिसला तर कोणी घाबरू नका, रोगट समजून बाहेर टाकू नका. तो आमच्या घरचा आहे."